कार्योत्तर मान्यता

वाङ्मयचर्चेच्या मासिकांत विद्यापीठाच्या जमाखर्चाचा विषय आलेला पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. कविता, कादंबरी, नाटक सोडून वित्तसमितीच्या कागदांत डोकें घालणें हें टीकाकाराचें काम नव्हे, तें हिशेबतपासनिसाचें काम आहे, असा आक्षेपहि कोणी घेईल. परंतु विद्यापीठाच्या सभांचीं इतिवृत्तें हा देखील मराठी गद्याचाच एक प्रकार आहे. दरवर्षीं त्याचीं हजारों पृष्ठें लिहिलीं जातात, आणि लक्षावधि घरांतील मुलांचें वर्ष व वडिलांच्या खिशांतील पैसा त्यांवर अवलंबून असतो. ज्या गद्याचा परिणाम इतका दूरवर पोंचतो, तें कोणीच चिकित्सक बुद्धीनें वाचूं नये, हें बरें नव्हे.

ह्या गद्यांतला एक शब्दप्रयोग आमच्या मनांत फार दिवस सलत आहे. 'कार्योत्तर मान्यता' हा तो प्रयोग होय. त्याचा अर्थ असा कीं, काम आधीं उरकून घ्यावें, पैसा आधीं खर्च व्हावा, आणि मग ज्या मंडळाची परवानगी अगोदर घ्यावयाची त्याच्यापुढें ती गोष्ट ठेवून त्याची मान डोलवून घ्यावी. लग्न लागून वऱ्हाड परतल्यावर मुलीला स्थळ पसंत आहे काय असें विचारण्यासारखाच हा प्रकार. ज्या वाक्यांत तो येतो त्या वाक्याचें व्याकरणहि पाहण्यासारखें असतें. खर्च 'करण्यांत आला', निविदा 'मागविण्यांत आल्या', मान्यता 'देण्यांत आली', नोंद 'घेण्यांत आली'. सर्वत्र क्रिया आहे, कर्म आहे; कर्ता तेवढा कोठें नाहीं. शाळेंतल्या मुलानें असें वाक्य लिहिलें तर आम्ही समासांत प्रश्नचिन्ह करून 'कोणीं?' असें विचारतों. विद्यापीठास तो प्रश्न विचारण्याचें काम ज्यांचें, त्या नियामक मंडळांच्या सभासदांनीं मात्र तो विचारण्याचें बहुतेक सोडून दिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. विद्यापीठाच्या नियामक मंडळांत कोणीं बसावें ह्याविषयीं आपण दीडशेंहून अधिक वर्षें भांडत आलों. त्या बसलेल्या माणसांपुढें कोणता कागद, केव्हां आणि कोणत्या रूपांत यावा, ह्याविषयीं मात्र क्वचितच भांडलों. आसनांच्या ह्या भांडणांत कागद हातचा गेला, आणि त्याबरोबर तिजोरीवरची देखरेखहि गेली. मुंबई विद्यापीठाचा इतिहास सर्वांत जुना व सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून उदाहरणासाठीं तोच घेऊं.

१८५७ सालच्या २२ व्या कायद्यानें, त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत, हें विद्यापीठ स्थापन झालें. लंडनच्या विद्यापीठाचा नमुना पुढें ठेवून तें उभारलेलें होतें. स्वतः शिकवावयाचें नाहीं, केवळ परीक्षा घ्यावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या, एवढेंच त्याचें काम. मुंबईचे गव्हर्नर हे कुलपति, त्यांच्या खालोखाल विनावेतन काम करणारे कुलगुरु, आणि 'फेलो' ह्या नांवाचे आजन्म सभासद, अशी मिळून सिनेट होई. दैनंदिन कारभार पाहणाऱ्या सिंडिकेटचा त्या कायद्यांत उल्लेखहि नव्हता. सिनेटनें आपल्या नियमांनीं निर्माण केलेली ती एक लहानशी समिति होती. उत्पन्नाची मुख्य बाब म्हणजे परीक्षेची फी, आणि खर्चाची मुख्य बाब म्हणजे परीक्षाच. असा सुटसुटीत हिशेब कोणाहि सुशिक्षित गृहस्थास तासाभरांत समजावा.

त्या काळच्या देणग्यांची हकीकत ह्या दृष्टीनें बोधप्रद आहे. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीं सभागृहासाठीं एक लाख रुपये दिले. १८६४ सालीं प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयासाठीं दोन लाख, आणि मातोश्रींच्या नांवें मनोरा बांधण्यासाठीं आणखी दोन लाख दिले. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, कापसाच्या तेजीवर उभारलेला शेअरांचा डोलारा कोसळला, आणि खुद्द प्रेमचंदांची पेढी बुडाली. परंतु विद्यापीठास दिलेलें दान बुडालें नाहीं. सभागृह १८७४ सालीं आणि राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. काम सावकाशीनें झालें हें खरें. पण ज्या कारणासाठीं पैसा आला, तें कारण आज ओव्हल मैदानावरून जाणाऱ्या कोणासहि मान वर करून पाहतां येतें. पैसा कशासाठीं आला आणि त्याचें काय झालें, हें पाहणाऱ्यास सहज दिसावें, ह्याहून हिशेबाची सोपी परीक्षा दुसरी नाहीं. पुढें विद्यापीठें वाढलीं आणि नेमकी हीच परीक्षा अवघड होत गेली.

आसनांचें पहिलें मोठें भांडण १९०४ सालीं झालें. सिनेटें अवास्तव फुगलीं आहेत, फेलोचें पद म्हणजे शोभेचा दागिना झाला आहे, हें लॉर्ड कर्झन यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. त्यांच्या कायद्यानें मुंबईच्या सिनेटची मर्यादा, पदसिद्ध सभासद वगळून, शंभरावर आणली. सभासदत्वाची मुदत पांच वर्षें केली. आणि शंभरांपैकीं वीस जागा निवडणुकीच्या ठेवून बाकीच्या नेमणुकी कुलपतींच्या हातीं दिल्या. विद्यापीठ हें सरकारचें एक खातें होऊन बसेल, हें ओळखून गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत ह्या विधेयकास कसून विरोध केला, आणि मुंबईंत फिरोजशहा मेहतांनींहि तेंच केलें. त्या विरोधाचें महत्त्व कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. स्वातंत्र्याच्या लढ्यांतला तो एक मानाचा प्रसंग आहे. तरी दोन्ही पक्षांचा वाद मुख्यतः 'कोण बसणार' ह्याविषयींच होता. सरकारचीं माणसें कीं लोकांचीं माणसें, हा प्रश्न गाजला; त्या माणसांना तिजोरीची किल्ली कशी दाखवावयाची, हा प्रश्न मागें पडला.

पुढील इतिहास ह्याच वळणानें गेला आहे. १९२८ सालच्या कायद्यानें विद्वत्परिषद निर्माण झाली. १९५३ सालीं नवा कायदा झाला, १९७४ सालीं आणखी एक, १९९४ सालीं सर्व विद्यापीठांस मिळून एक, आणि २०१६ सालचा 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम' मार्च २०१७ पासून अमलांत आला. सिंडिकेटची कार्यकारी परिषद झाली, कार्यकारी परिषदेची व्यवस्थापन परिषद झाली, सिनेटला आपण अधिसभा म्हणूं लागलों. प्रत्येक वेळीं जागांची वांटणी बदलली. प्राचार्य किती, अध्यापक किती, संस्थाचालक किती, पदवीधर किती, नामनिर्देशित किती, ह्यावर समित्या बसल्या, अग्रलेख लिहिले गेले, विधिमंडळांत रणें माजलीं. कुलगुरूंच्या निवडींत राज्यपालांचा हात किती आणि मंत्र्यांचा किती, ह्याविषयीं २०२१ च्या डिसेंबरांत एक विधेयक संमत झालें आणि सरकार बदलल्यावर तें मागेंहि घेण्यांत आलें. हा खेळ नव्या गड्यांनिशीं चालूच आहे. फासे मात्र १९०४ चेच आहेत.

आतां आजची व्यवस्था पाहूं. कायद्यानें कागदावर योजना वाईट केलेली नाहीं. वित्त व लेखा समितीनें अंदाजपत्रक तयार करावें, व्यवस्थापन परिषदेनें तें तपासावें, अधिसभेनें त्यावर चर्चा करावी. वर्षअखेर हिशेबतपासणी व्हावी. अशी तीन दारांची वाट आहे. परंतु पहिल्या दोन्ही दारांवर एकच गृहस्थ बसलेले असतात. व्यवस्थापन परिषदेचे अध्यक्ष कुलगुरु, आणि वित्त व लेखा समितीचे अध्यक्षहि कुलगुरूच. ज्याच्या खर्चावर नजर ठेवावयाची त्यानेंच नजर ठेवणाऱ्या सभेचा कार्यक्रम आंखावा, बोलणाऱ्यास वेळ द्यावा व विषय संपल्याचें जाहीर करावें, ही रचना कोणा दुष्टानें केलेली नाहीं. पण तींत चांगल्या माणसासहि स्वतःला प्रश्न विचारण्याचा मोह होत नाहीं.

ह्याला जोडून तातडीच्या अधिकाराचें कलम आहे. तात्काळ कृति करणें भाग आहे असें मानण्यास सबळ कारण असेल, तर संबंधित मंडळाचा अधिकार कुलगुरूंस स्वतः वापरतां येतो. मग तें कृत्य त्या मंडळास कळवावयाचें असतें, आणि मंडळाचें मत विरुद्ध पडल्यास प्रश्न कुलपतींकडे जातो. १९९४ च्या कायद्यांत हें १४ व्या कलमांत होतें, आजच्या कायद्यांत १२ व्या कलमांत आहे. कलम सर्वस्वीं योग्य आहे. पूर आला, आग लागली, प्रश्नपत्रिका फुटली, तर सभेची वाट पाहत बसणें हा मूर्खपणा ठरेल. परंतु औषधाच्या कपाटांत ठेवावयाची बाटली जेवणाच्या पाटावर आली म्हणजे तिचें औषधपण राहत नाहीं. जें संकटासाठीं होतें तें सोयीसाठीं वापरलें जाऊं लागलें, आणि कार्योत्तर मान्यतेचा जन्म झाला.

आम्ही हें सर्व तिऱ्हाइतासारखें बोलत नाहीं. एका विद्यापीठाच्या अशा मंडळावर आम्ही स्वतः कांहीं वर्षें होतों. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. सभेच्या आदल्या संध्याकाळीं एक जाडजूड गठ्ठा घरीं येई, आणि त्यास जोडलेलें पुरवणी परिशिष्ट सभा सुरू झाल्यावर हातीं पडे. एका सभेंत समित्यांच्या बैठकींना द्यावयाच्या चहाचा दर वाढवावा कीं नाहीं, ह्यावर अर्धा तास उत्साहानें चर्चा झाली. चहा सर्वांनाच समजतो, त्यामुळें आम्हीहि तींत भाग घेतला. त्यानंतरचा विषय कांहीं यंत्रांच्या खरेदीचा होता. रकमेंत चहाचे कित्येक जन्म निघाले असते. यंत्रें आलीं होतीं, पैसे चुकते झाले होते, आतां फक्त कार्योत्तर मान्यता हवी होती. यंत्रें चालूं आहेत काय, असें एका वृद्ध सभासदानें विचारलें. विषय खरेदीपुरताच मर्यादित आहे, असें उत्तर मिळालें. जेवणाची वेळ झाली होती. आम्हीं हात वर केला.

त्यानंतर दीड वर्षानें कांहीं कामासाठीं त्या इमारतींत जाण्याचा प्रसंग आला. जिन्याखालीं तीं यंत्रें खोक्यांत बंद होतीं, आणि सर्वांत वरच्या खोक्यावर शिपायानें पाण्याचा माठ ठेवला होता. त्या माठाचें पाणी आम्ही प्यालों. त्या खर्चाला मान्यता देणाऱ्या हातांत आमचा एक हात होता, हें त्या क्षणीं जितकें टोंचलें तितकें सभागृहांत टोंचलें नव्हतें.

त्याच सुमारास आमची एक विद्यार्थिनी घरीं आली. तिला पुनर्मूल्यांकनासाठीं अर्ज करावयाचा होता. मुदत चार दिवसांत संपत होती आणि वडिलांचा पगार दहा तारखेला व्हावयाचा होता. मुदतीनंतर फी घेतां येणार नाहीं, असें तिला खिडकीवर सांगण्यांत आलें होतें. 'सांगण्यांत आलें', कोणीं सांगितलें हें तिलाहि ठाऊक नव्हतें. फीचा प्रश्न त्या दिवसापुरता सुटला. पण तिला निरोप देतांना आमच्या मनांत आलें कीं, विद्यापीठाला खर्च आधीं व परवानगी मागाहून ही सोय आहे. ह्या मुलीला अर्ज आधीं व फी मागाहून ही सोय नाहीं. आणि मंजूर पदांचे पगार सरकारी अनुदानांतून भागले, तरी विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीचा मोठा भाग परीक्षेच्या व संलग्नतेच्या फींतून, म्हणजे अखेर अशाच मुलींच्या घरांतून येतो. तेव्हां जिन्याखालच्या खोक्यांची किंमत कोणीं दिली, हें निराळें सांगावयास नको.

खाजगी अनुभवावरून सार्वजनिक निष्कर्ष काढूं नये, असें कोणी म्हणेल. म्हणून जी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे तिच्याकडे वळूं. मुंबई विद्यापीठानें २०१७ सालीं उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकाच्या पडद्यावर करण्याचें ठरविलें. कल्पना मुळांत वाईट नव्हती. परंतु परीक्षांचा हंगाम सुरू झाल्यावर त्या कामाचा मक्ता ठरला. सुमारें १७ लाख उत्तरपत्रिकांची छायाचित्रें काढून त्या तपासावयाच्या होत्या, आणि तपासणाऱ्या अध्यापकांस ह्या पद्धतीची संवय नव्हती. ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावा, असें कुलपतींनीं बजावलें. तें झालें नाहीं, सप्टेंबर उजाडला. ज्यांना पुढें परदेशीं किंवा दुसऱ्या विद्यापीठांत प्रवेश घ्यावयाचा होता, त्यांचा जीव टांगणीला लागला. ऑक्टोबरांत कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें.

ह्या प्रकरणाचा दोष एका व्यक्तीवर ठेवून लोक मोकळे झाले. आम्हांस त्यांत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढा मोठा बदल व एवढा मोठा मक्ता ज्या वर्षीं ठरला, त्या वर्षीं विद्यापीठांत निवडून आलेली अधिसभाच नव्हती. जुनीची मुदत संपलेली, नवा कायदा नुकताच लागू झालेला. पदवीधरांची निवडणूक मार्च २०१८ मध्यें झाली. 'हें यंत्र ह्याच वर्षीं कां? थोड्या उत्तरपत्रिकांवर आधीं प्रयोग करून पाहिला काय?' हे दोन साधे प्रश्न उघड सभेंत विचारण्यास कायद्यानें नेमलेला माणूस जागेवर नव्हता. पुढें त्या अधिसभेचीहि मुदत २०२२ सालीं संपली. आणि पदवीधर-प्रतिनिधींची नवी निवडणूक पुन्हां पुन्हां लांबत जाऊन, उच्च न्यायालयानें आदेश दिल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्यें पार पडली. आसनांसाठीं एवढें भांडून शेवटीं आसनेंहि रिकामींच राहिलीं.

आमच्याविरुद्ध तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, प्रत्येक खर्चास आधीं परवानगी मागत बसलें तर विद्यापीठ चालावयाचें नाहीं. परंतु परीक्षा कांहीं धूमकेतु नव्हे. ती दरवर्षीं ठरल्या महिन्यांत येते. जें पंचांगांत आधींच लिहिलेलें आहे त्याला तातडी म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग होय. दुसरा आक्षेप असा कीं, निवडून आलेले सभासद गोंगाट करतात, पक्षांचीं भांडणें सभेंत आणतात. हें खरें आहे, आणि कित्येकदां लाज वाटण्याइतकें खरें आहे. पण ज्याच्या हातीं कागद नाहीं त्याच्याजवळ आवाजच उरतो. त्याला पंधरा दिवस आधीं स्पष्ट आंकडे द्या. तरीहि तो ओरडला तर दोष त्याचा. तिसरा आक्षेप असा कीं, प्राध्यापकांना हिशेब समजत नाहीं. प्राध्यापकांविषयीं आम्ही पैज मारीत नाहीं. परंतु आमच्या घरोघरच्या गृहिणींना तो उत्तम समजतो. किती लागले, कशाला लागले, आणि कोणीं ठरविलें, ह्या तीन प्रश्नांपलीकडे त्या जात नाहींत, आणि संसार बुडूं देत नाहींत.

उपाय म्हणून नवा कायदा मागण्याची आमची इच्छा नाहीं. नव्या कायद्यांचें फळ आपण पाहिलें आहे. थोड्या साध्या गोष्टी पुरेत. मागाहून मान्यता मागणारे सर्व विषय कार्यक्रमपत्रिकेच्या अगदीं आरंभीं एकत्र द्यावेत, आणि प्रत्येकापुढें निर्णय कोणीं घेतला, कोणत्या तारखेस घेतला व कोणत्या कारणानें थांबतां आलें नाहीं, हें लिहावें. वर्षअखेर अशा विषयांची संख्या व एकूण रक्कम अधिसभेस कळवावी. खर्चास मान्यता दिली कीं, सहा महिन्यांनीं त्या वस्तूचें काय झालें हा विषय आपोआप पत्रिकेवर यावा. म्हणजे माठ ठेवण्यास दुसरी जागा शोधावी लागेल. हिशेबतपासनिसाच्या शेऱ्यांसोबत त्यांचीं उत्तरेंहि छापावीं. आणि अंदाजपत्रकाचा दहा पानांचा सारांश साध्या मराठींत काढून विद्यार्थ्यांच्या घरीं वाचतां येईल असा करावा. ह्यांतली एकहि गोष्ट खर्चाची नाहीं, आणि बहुतेक गोष्टींना कोणाची परवानगीहि नको. मंडळानें आपल्याच कामाच्या पद्धतींत त्या घातल्या कीं झालें. कायद्यांत एकच दुरुस्ती आम्ही सुचवूं: वित्तसमितीचें अध्यक्षपद कुलगुरूंकडे नसावें. त्यांत कुलगुरूंचा अपमान नाहीं. उलट उद्यां कोणीं संशय घेतला तर त्यांच्या बाजूनें बोलण्यास एक स्वतंत्र माणूस राहील.

राहतां राहिले आमचे वाचक. त्यांच्यांत पुष्कळ पदवीधर आहेत, आणि नोंदणी केलेल्या पदवीधरांना अधिसभेवर दहा प्रतिनिधि निवडून पाठविण्याचा हक्क आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. पदवीचें प्रमाणपत्र चौकटींत घालून भिंतीवर टांगतात, आणि ज्या संस्थेनें तें दिलें तिच्याशीं आपला संबंध संपला असें समजतात. त्यांनीं नोंदणी करावी, मत द्यावें. आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास तो कोणत्या पक्षाचा हें न विचारतां, विद्यापीठाचें गेल्या वर्षाचें अंदाजपत्रक त्यानें वाचलें आहे काय, एवढेंच विचारावें. उमेदवार गडबडला तर त्यास चहा द्यावा, पण मत देऊं नये. आणि पुढें केव्हां एखाद्या इतिवृत्तांत 'मान्यता देण्यांत आली' हें वाक्य दृष्टीस पडलें, तर शाळेंतल्या मास्तराप्रमाणें समासांत पेन्सिलीनें एवढेंच लिहावें : कोणीं?